नर्सबाईंचा प्रश्न

आमच्या नर्सबाईंना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. चहासुद्धा त्या उभ्यानंच घेत, आणि कप रिकामा व्हायच्या आत दाराबाहेर असत. आमचा दवाखाना म्हणजे कामशेतहून आत, नाणे मावळातल्या एका गावच्या चावडीची पडवी. मी तिथला कंपाउंडर. शनिवारी गाडीनं लोणावळ्याला घरी जायचो, तेव्हा कुठे माझ्या पायांना विसावा मिळायचा.

रोगी आला की जीभ बघायच्या आधी बाई विचारत, "पाणी कुठलं पिता?" पाय मुरगळलेल्या माणसालाही हाच प्रश्न. मी हसलो की म्हणत, "हसा खुशाल. पण विचारत चला." ती खोड आता मला लागली आहे.

त्या वैशाखात कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवरून वाडीत परतले आणि त्यांच्या पोरांना हगवण लागली. दोन पोरं गेली. मी औषधाच्या बाटल्या भरत बसलो, आणि बाई ओढ्याच्या कडेनं वर चालत सुटल्या. झक मारत मीही मागे निघालो. वाडी सगळ्यांत खाली. तिच्या वर गुरांचं डबकं, त्याच्या वर धुणं धुवायची जागा, आणि माथ्याला झऱ्याचं दगडी टाकं. टाकं गावाचं. कातकऱ्यांनी त्याला हात लावायचा नाही, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे.

परतताना वाडीत धर्मी भेटली. गेलेल्या पोरांतला एक तिचा नातू, आणि कडेवरची नातही मलूल. बाई तिच्यावरच कडाडल्या, "पाणी उकळून का पाजत नाहीस?"

"हंडी येकच हाय, बाई. तिच्यात कण्या शिजवू का पानी उकळू?"

बाई तशाच पाटलांच्या ओट्यावर गेल्या आणि त्यांनी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. बऱ्याच वादानंतर पाटील म्हणाले, "टाक्यात त्यांचा हात नको. कुनी वरनं घालून दिलं तर आमी न्हाई म्हननार न्हाई." घालणार कोण, ते बोलले नाहीत.

दुसऱ्या सकाळपासून बाई टाक्यावर. बाई ब्राह्मणाची विधवा, तेव्हा त्यांच्या हाताला गावाची हरकत नव्हती. खाली बायका हंड्या मांडून बसत, वरून बाई कळशीनं पाणी घालत. "भीक वाढल्यासारखं वाटतं हो," त्या माझ्यावर चिडत, जसा काही मीच पाटील! पण हगवण थांबली. धर्मीची नात पुन्हा धावू लागली. मला त्या बाईंचा फार अभिमान वाटायचा.

पाऊस यायच्या आत त्यांची बदली झाली. कशी झाली, ते ज्याचं त्यानं समजावं. कामशेत स्टेशनवर धर्मी आली होती. "बाई, आता पानी कोन घालल?" तिनं विचारलं. गाडी हलली तेव्हा बाई दारातून म्हणाल्या, "कुणाची वाट बघू नका." डबा रिकामा होता, तरी वळणापर्यंत त्या दारातच उभ्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला म्हणून मी टाक्याकडे निघालो. पोचलो तेव्हा धर्मी वर चढून टाक्यात हंडी बुडवत होती. पाटलांचा गडी धावत आला आणि त्यानं लाथेनं हंडी फोडली. धर्मीनं खापरांकडे पाहिलंही नाही. नातीला टाक्याच्या कडेवर बसवलं आणि ओंजळ भरून तिच्या तोंडाशी धरली.

"पी. हंडी न्हाई तर न्हाई, हात हायेत."

मी दवाखान्याकडे पळत सुटलो. पाणी उकळायचा तांब्याचा हंडा चुलीवरून उतरवला आणि धापा टाकत आणून तिच्यापुढे ठेवला. गडी माझ्याकडे बघतच राहिला.

धर्मीनं हंडा टाक्यात बुडवला.