ओसाड घराला पडदे

पालिकेतल्या त्या रंगाऱ्याला सगळे पडदेवाले म्हणायचे. कामच तसं होतं. शहरात मालक परागंदा झालेली, भाऊबंदकीत अडकलेली, कोणी वाली नसलेली घरं काही थोडीथोडकी नव्हती. फुटक्या खिडक्यांतून लोक आत कचरा भिरकवायचे, भुरटे चोर लोखंड काढून न्यायचे, आणि मग अख्खी गल्लीच रया गेल्यासारखी दिसायची. घर पाडायचं म्हटलं तर शंभर भानगडी. म्हणून पालिकेने सोपा उपाय शोधला. खिडक्यांना प्लायवूड ठोकायचं आणि त्यावर खिडकीच रंगवायची. आत माणसं राहतात असं वाटलं की उपद्रव कमी होतो. आणि खोटं कशाला बोला, होतही होता.

पडदेवाले आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील पाट्या आल्या आणि त्यांच्या पोटावर पाय आला, तेव्हा या नोकरीने हात दिला. त्यामुळे ते जीव ओतून रंगवत. नुसती चौकट ओढून मोकळे झाले असते तरी कोण विचारणार होतं? पण छे. पडद्याची चुणी अन् चुणी दिसली पाहिजे, खाली फुलांची कुंडी पाहिजे, आणि कुंडीतलं एक पान सुकलेलंच पाहिजे. सगळी पानं टवटवीत असली की खोटं वाटतं, असं त्यांचं मत.

"आपल्या घरचा पडदा केव्हाचा फाटलाय, तो कधी रंगवताय?" बायको विचारायची. यावर पडदेवाले आणखी अर्धा कप चहा मागायचे.

कोपऱ्यावरचं दुमजली घर त्यांनी रंगवलं तेव्हा तर कमालच झाली. एक माणूस पत्ता विचारायला त्या घराचं दार वाजवत उभा राहिला. पडदेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे काही आठवड्यांनी ते तिथून चालले होते, तर शेजारच्या घरातल्या मावशींनी हाक मारली. मावशी एकट्या राहायच्या, शिवणकाम करायच्या. रंगकाम चालू असताना पाणी त्यांनीच आणून दिलं होतं.

"या, आत या. तुमची कला आतूनही बघा," त्या म्हणाल्या.

दोन्ही घरांत भिंत एकच होती. मावशींच्या बाजूने ती छतापर्यंत ओली झाली होती आणि मधोमध पोट सुटल्यासारखी फुगली होती. शिलाई मशीन आणि कॉट त्यांनी पार दुसऱ्या टोकाला ओढून नेली होती.

"पलीकडे छप्पर बसलंय. सगळं पाणी ही भिंत पिते."

"मग तक्रार नाही केलीत?"

"केली की. तुमचे साहेब आले होते. गाडीतून खाली उतरायचे कष्ट काही घेतले नाहीत. म्हणाले, इथे तर लोक राहतात, पडदे आहेत, कुंड्या आहेत, त्यांचं त्यांना सांगा." मावशी हसल्या, पण नंतर हळूच म्हणाल्या, "झोप लागत नाही हो. ही भिंत खाली आली तर मी जाऊ कुठे?"

भुरट्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायला निघालेला माणूस, फेकून बसला स्वतःच्याच साहेबांच्या डोळ्यांत. आता बोला. आणि जीव टांगणीला लागला तो या बाईचा.

दुसऱ्या दिवशी ते मागच्या दाराने त्या घरात शिरले आणि बराच वेळ आत बघत उभे राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी एकेका पडद्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि त्या त्या खिडकीमागे जे होतं तेच तिच्यावर रंगवलं. कोसळलेली तुळई, छपरातून दिसणारं आभाळ, ओट्यावर उगवलेलं झाड. शेवटच्या खिडकीत ती फुगलेली भिंत, तड्यासकट. येणारेजाणारे थबकायला लागले.

साहेबांची गाडी आली. या वेळी ते खाली उतरले.

"हे काय रंगवून ठेवलंय?"

"आत आहे तेच, साहेब."

"तुम्हाला पडदे रंगवायला सांगितलं होतं."

"रंगवले होते. तुम्हीसुद्धा फसलात. चूक माझीच, फार हुबेहूब निघाले."

साहेब काही वाईट माणूस नव्हते, कामाच्या ओझ्याखाली दबलेले होते. ते आत गेले, केसांत धूळ घेऊन बाहेर आले, आणि मावशींकडे जाऊन भिंतीवर तळवा टेकवून उभे राहिले. त्याच संध्याकाळी भिंतीला लाकडी टेकू दिले गेले. पडदेवाल्यांना खरमरीत बोलणी बसायची ती बसलीच, पण पुढे यथावकाश ते घर उतरवलं गेलं.

मावशींची भिंत दुरुस्त झाली. तिला नवं प्लॅस्टर झालं आणि आता ती मोकळ्या जागेकडे, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मावशींनी पडदेवाल्यांना बोलावून घेतलं.

"कोरी भिंत बघवत नाही. एक खिडकी रंगवून द्या."

"देतो की. पडदा कुठल्या रंगाचा?"

"पडदा नको. खिडकी उघडी ठेवा, आणि आत मशीनवर बसलेली मला रंगवा," मावशी म्हणाल्या. "गाडीत बसल्या बसल्या दिसलं पाहिजे, इथे माणूस राहतं म्हणून."