चष्मा घरी राहिला

आमच्या वर्गात वह्या अर्ध्याच भरतात, किस्से मात्र भरभरून! बँकेतून रिटायर झाल्यावर मी नागपुरातल्या एका विहाराशेजारच्या खोलीत मोठ्या माणसांना लिहा-वाचायला आणि थोडं इंग्लिश शिकवायला लागले. पगार नाही, पण घरी सांगायला रोज काहीतरी असतं.

पहिल्या दिवशी मी ऐटीत अननसाचा तक्ता टांगला. समोर बसलेल्या पंचफुलाबाई म्हणाल्या, "मॅडम, हे फळ मी साठ वर्षांत एकदाच खाल्लं. दुसरं काही नाही का?"

"तुम्हाला काय वाचायचंय?"

"ग्रंथ. एक पान. याच पावसाळ्यात!"

पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. तीस वर्षं मेश्राम गुरुजीच वाचत आले. यंदा त्यांचा आवाज थकला, म्हणून बायकांनी पाळीपाळीनं एकेक पान वाचायचं ठरलं. पंचफुलाबाईंना अक्षर येत नाही, हे विहारात कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

कसं ठाऊक नव्हतं? गुरुजींनी कधी ग्रंथ पुढे केला, की या म्हणायच्या, "चष्मा घरी राहिला, गुरुजी." चष्मा नव्हताच! वस्तीतल्या निम्म्या बायका सुईत दोरा ओवायला यांच्याकडेच यायच्या.

शेवटी बायकांना दया आली आणि त्यांनी बाईंना धरून नेत्रशिबिरात नेलं.

"डॉक्टरनं पाटीवरचे अक्षरं वाचाले लावले. आता काय सांगू? म्हटलं, दिसत नाही! मोठे केले. म्हटलं, तरी दिसत नाही!"

मिळाला जाड भिंगांचा चष्मा. "लावला का चक्कर येते मले," बाई म्हणाल्या. आणि बायका आठवणीनं तो लावायला लावायच्या, त्यामुळे आता तो घरी राहिला म्हणायचीही सोय उरली नव्हती.

*

गजाननभाऊ सीताबर्डीला ऑटो चालवतात. त्यांना पॅसेंजरशी इंग्लिशमध्ये बोलायचं होतं. मी शिकवलं, 'हाऊ आर यू?' विचारलं की 'आय ॲम फाइन, थँक यू.' सगळ्यांनी घोकलं.

गजाननभाऊंनी हात वर केला. "मॅडम, फाइन नसलो तं काय म्हणाचं?"

पुस्तकात तो धडाच नव्हता. मी फळ्यावर लिहिलं, 'आय ॲम टायर्ड.' इतक्या जोरात अख्खा वर्ग त्याआधी कधीच ओरडला नव्हता! मला हसू आलं आणि मग जरा वाईटही वाटलं.

*

महिन्याभरात पंचफुलाबाईंनी एक धडा खडाखडा वाचला. मी टाळ्या वाजवल्या. मग लक्ष गेलं, समोर पान भलतंच उघडं होतं. शेजारणीचं ऐकून धडा पाठ केला होता!

"पानाचं काय मॅडम, धडा तं बरोबर आहे ना?"

मी भडकले. सगळ्यांसमोर नको ते बोलले. बाई चार दिवस वर्गात फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी खाली मान घालून त्यांच्या घरी गेले.

त्या रागावलेल्या नव्हत्या. चहा ठेवत म्हणाल्या, "तीस वर्षं ऐकून राहिली मी. ग्रंथ मले पाठ आहे. उद्या हातात पुस्तक घेऊन म्हणून दाखवलं, तं कोणाले काय समजते?"

"मग वर्गात येता कशाला?"

"मले तं समजते ना!"

बँकेत मी तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या, पण इतकी खरी बाई पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी त्या वेळेच्या आधी येऊन बसल्या.

*

त्यांची पाळी आली त्या संध्याकाळी विहार भरला होता. बाईंनी चष्मा काढून खाली ठेवला. पहिल्या ओळीवर बोट टेकवून सुरुवात केली. काय तो आवाज! गुरुजी डोळे मिटून मान डोलवत होते.

मी मात्र बोट पाहत होते. आवाज पुढे चालला होता आणि बोट दोन ओळी मागे राहिलं होतं. सगळं पाठच होतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

पान संपत आलं आणि बाई एकदम थांबल्या. बोट सावकाश खालच्या ओळींवर सरकलं. एका ओळीवर ते अडलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मग वर्गात वाचायच्या तशी एकेक अक्षर लावत त्यांनी ती ओळ वाचली. घाम फुटला होता त्यांना.

बाईंनी मान वर केली.

"गुरुजी, ही ओळ तुम्ही दरसाल सोडता काहून?"