डिकीतला गठ्ठा

कोऱ्या चादरीच्या खळीचा वास आला की मला गाड्यांचं ते शोरूम आठवतं. गाडी एकच, स्वस्तातली. डिकीची घ्यायची की बिनडिकीची, एवढंच ठरायचं होतं. माझे वडील, अप्पा, भवानी पेठेतून रिक्षात चादरींचा गठ्ठा घालूनच आले. गुडघे गेल्यापासून एसटीत गठ्ठा चढवणं त्यांना होत नव्हतं आणि चादरी विकायला आठवडी बाजारात जाणं सुटलं होतं. चकचकीत फरशीवरून ओढत नेऊन त्यांनी गठ्ठा डिकीत लोटला. "बसला की! हीच घे. आता अक्कलकोटचा बाजार सोडत न्हाय." लोक बघत होते. मी नुकताच बँकेत साहेब झालो होतो. माझ्या गाडीतून चादरी विकायला जायच्या? मी बिनडिकीची दाखवली. तिच्यात गठ्ठा निम्मा बाहेर राहिला. सेल्समन म्हणाला, "काका, मागची सीट..." मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. "ऱ्हाऊ दे मग," म्हणत अप्पांनी गठ्ठा पुन्हा रिक्षात ठेवला. त्यानंतर ते बाजाराला कधीच गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले, आणि तिथंच संपले. आज त्यांच्या नावानं वाटायच्या चादरी आणल्या. त्याच बिनडिकीच्या गाडीत, मागची सीट पाडल्यावर दोन गठ्ठे सहज बसले. बसतात, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.