ताईसाठी अंदमानचं आंबट

प्रवासवर्णन लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिला गेलेला सगळ्यात मोठा मजकूर म्हणजे बाबांचा रजेचा अर्ज, आणि तोही ऑफिसातल्या टायपिस्टने नीट करून दिलेला. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. पण इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणारे काका म्हणाले, "तू समुद्र पाहून आला, आम्ही नाही पाहिला. लिही." म्हणून हे धाडस.

आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्यानंतर आमच्या कॉलेजची सहल पहिल्यांदाच एवढ्या लांब, अंदमानला निघाली. तेव्हा ताई माहेरी, रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या आमच्या घरी आलेली होती. तिला तिसरा महिना होता. अन्नाचा वाससुद्धा सोसत नव्हता, पाणी प्यायली तरी उलटून पडायचं. मी बॅग भरत होतो, तेव्हा ती भिंतीला टेकून म्हणाली, "तिकडे काही वेगळं आंबट भेटलं तं आणजो रे. चिंच, कैरी, लिंबू, सारं करून पाहिलं."

"डोहाळे हायेत तिचे," आई म्हणाली. "विसरशील नको."

विशाखापट्टणमहून जहाज सुटलं. किनारा दिसेनासा होईपर्यंत आम्ही मोठमोठ्यानं गाणी म्हणत होतो. मग एकेकाचं गाणं बंद झालं. मी बर्थवर पडून राहिलो. कॅन्टीनच्या सांबाराचा वास आला की पोट ढवळून यायचं. माझा मित्र हेमंत हा एकटाच ठणठणीत. तो उशाशी येऊन म्हणायचा, "थोडा तो खा ले, यार." घरी आम्हीही ताईला दिवसभर हेच म्हणत होतो. तिला तेव्हा काय वाटत असेल, ते मला त्या बर्थवर कळलं.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर जमीनही थोडा वेळ हलत होती. पण भूक परत आली. घंटाघराजवळच्या बाजारात डोसा, तळलेले मासे, बंगाली मिठाई, सगळं शेजारी शेजारी, आणि सगळे हिंदीत बोलणारे. मला रायपूरच्या सदर बाजारात आल्यासारखं वाटलं, फक्त वाऱ्याला खारट वास होता. नारळवाल्यानं शहाळं फोडून दिलं. पाणी संपल्यावर त्याच्याच सालीच्या तुकड्यानं आतली मऊ मलई खरवडून खायची. हेमंतनं ती शर्टावर सांडली आणि दिवसभर त्याच्यामागे माशा फिरल्या.

भाजीवाल्या बायका रस्त्याच्या कडेला ओळीनं बसल्या होत्या. एकीपुढे बोटाएवढ्या हिरव्या फळांचा ढीग होता. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो.

"देखते ही रहोगे भैया, कि लोगे भी?"

"ये क्या है?"

"बिलिंबी. खाके देखो."

मी अर्धं फळ एकदम चावलं. डोळे आपोआप मिटले, कान गरम झाले. साऱ्या ओळीत हशा पिकला. शेजारची मासेवाली म्हणाली, "अरे, पानी पिलाओ, लड़का गया!"

"दीदी के लिए चाहिए," मी कसंबसं बोललो. "उसको कुछ पचता नहीं."

"कौन सा महीना?"

मी लाजून हेमंतकडे पाहिलं. तो निर्लज्जपणे म्हणाला, "तीसरा!"

पुन्हा हशा झाला. पण बिलिंबीवालीनं आणखी एक मूठ पिशवीत टाकली. रायपूरपर्यंत ही कच्ची टिकणार नाहीत, मीठ लावून उन्हात वाळव, असं तिनं सांगितलं. पुढचे दिवस आम्ही भटकायचो, आणि लॉजच्या गच्चीवर जुन्या वर्तमानपत्रावर बिलिंबी वाळायची. हेमंत सगळ्यांना सांगायचा, "मामाजी का कारखाना है."

परतीच्या दिवशी बंदरावर जाण्याआधी मी एसटीडी बूथवरून फोन लावला. आमच्याकडे फोन नाही. शेजारच्या साहू काकींकडे येतो. लाइनवर खूप खरखर होती.

"तोर दीदी ला अस्पताल लेगे हें, बाबू," (तुझ्या ताईला दवाखान्यात नेलंय) काकी म्हणाल्या, आणि फोन तुटला. पुन्हा लावला, लागलाच नाही. जहाजाचा भोंगा वाजत होता.

समुद्रावर कुणाकडून काही कळणार नव्हतं. ते दिवस कसे गेले, ते मला नीट लिहिता येणार नाही. पोट पुन्हा ढवळू लागलं तेव्हा हेमंतनं माझ्याच पिशवीतला बिलिंबीचा एक तुकडा माझ्या तोंडात कोंबला. मी तो चघळत राहिलो. थोड्या वेळानं मी भात खाल्ला, आणि तो पोटात राहिला. मी पिशवीचं तोंड गाठ मारून बंद केलं. आता ती ताईपर्यंत पोचवायचीच होती.

विशाखापट्टणमलाही फोन लागला नाही. रायपूरच्या गाडीत खिडकीशी बसलो. नवीन ठिकाणी गेलं की सगळं नवीन दिसतं म्हणतात. मी मात्र प्रत्येक टोपलीपुढे, प्रत्येक गाड्यापुढे एकच विचार केला होता, हे ताईला चालेल का. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, तो बाजार मला अजून इतका स्पष्ट आठवतो.

स्टेशनवर बाबा उभे होते. मला त्यांचा चेहरा वाचता येईना.

"ताई?"

"काहून असा पांढरा पडला बे? सलाईन लावली होती तिले. परवा घरी आणलं."

"खाते का काही?"

"काल साहू काकीनं बासी (रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात) देली. चार घास खाल्ले पोट्टीनं."

"मग?"

"मग काय? राहिले पोटात!" बाबांनी माझी पिशवी हातात घेतली, हुंगली आणि हसले. "आज सकाळीच वाटी घेऊन बसली. म्हणते, बासीसोबत लावाले त्याचं आंबट अजून काहून नाही आलं?"