जव्हारात बनलेला पूर

आमचं काम असं की एकदा कॉम्प्युटर चित्रं काढायला लागला की आपण फक्त बसायचं. हात रिकामे, तोंडं मोकळी. जव्हारच्या ऑफिसात आम्ही चौघं थ्रीडी सिनेमांसाठी खोटा पाऊस आणि खोटं पाणी बनवतो. त्या बसण्यात किस्से पाण्यापेक्षा जास्त साचलेत.

*

पहिल्या वर्षी मोखाड्याच्या जीपमध्ये एका मावशींनी विचारलं, "काय काम करतोस बाबा?"

मी म्हटलं, "पाणी बनवतो."

मावशींनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. "सरक गं. टँकरवाले साहेब आहेत."

मोखाड्यापर्यंत ऐसपैस बसून गेलो.

*

खरा पाऊस आला की आमची लाइट जाते आणि खोटा पाऊस थांबतो. एकदा मुंबईहून निर्मात्याच्या माणसाचा फोन आला, "शॉट का नाही आला?" आमचे प्रमुख देसले सर खरं तेच बोलले, "पावसामुळे."

तो म्हणाला, "पण पाऊस तर तुम्हीच पाडताय ना?"

*

थ्रीडीला दोन कॅमेरे लागतात, माणसाच्या दोन डोळ्यांसारखे. नमुना म्हणून आम्ही एक धबधबा शूट करून आणला. डाव्या कॅमेऱ्याच्या काचेवर शिंतोडे उडालेले, उजवी कोरडी ठणठणीत. चष्मे लावून बघायला बसलो आणि दोन मिनिटांत सगळ्यांनी एकेक डोळा मिटला.

"काय झालं रे?" सरांनी विचारलं.

आमच्यातली सुनीता म्हणाली, "सर, एका डोळ्यात आषाढ आहे, दुसऱ्यात वैशाख."

*

ही सुनीता मोखाड्याजवळच्या पाड्यावरची, भात-नागली पिकवणाऱ्या घरातली. काम आमच्याकडेच शिकली. ती शिकत होती तेव्हा पुराचा एक शॉट मुंबईहून नऊ वेळा नापसंत होऊन परत आला होता. दहाव्यांदा आला असता तर काम दुसरीकडे गेलं असतं, आणि सर ऑफिसच बंद करायच्या विचारात होते. काळजीनं ते रोज पाणी आणखी निळं, आणखी चकचकीत करत बसायचे.

सोमवारी सुनीता गावाहून आली ती ओहोळाचं पाणी भरलेली बाटली घेऊन. सरांच्या टेबलावर ठेवली. तांबडं, गढूळ, वर फेस आणि पाचोळा.

"सर, पूर निळा नसतो. आणि येताना तो आधी लाकडं आणतो."

सर आपल्या खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बस इथं."

आठ दिवस ती त्या खुर्चीत बसून पूर नव्यानं बनवत होती. मुंबईहून निर्मात्याच्या माणसाचं उत्तर आलं: "पूर अंगावर आला तशी खुर्ची मागे सरकवली मी. पुढचे सहा शॉटही तुम्हीच करा."

*

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे ठाण्याला गेलो. सुनीतानं आईला आणलं होतं. आईंनी थिएटरच पहिल्यांदा पाहिलेलं. चष्मा लावून शांत बसल्या होत्या. पूर आला तसं त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं. शॉट संपला, राजवाड्यात गाणं सुरू झालं, तरी सोडेनात.

सुनीता हळूच म्हणाली, "आये, गेला पूर."

आई पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "खालच्या पाड्यावर कोनी सांगला का?"