उघडी राहिलेली पिवळी बाटली

मृण्मयी गेल्याचं तिच्या नवऱ्यानं, कौस्तुभनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी जर्मनीत, गार्चिंगच्या मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवणाच्या रांगेत होते. मेंदूत रक्तस्राव... वय छत्तीस. खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, आता मला कुणी तिच्याशी तोलणार नाही. मग ट्रे तिथेच ठेवला आणि रडले.

आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत पीएचडीला लागलो. ती नाशिकची, मी सांगलीची. जर्मन माझं चांगलं, पण प्रोफेसर 'गेनाऊ, गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणत मान डोलवायचे ते तिच्या बोलण्यावर. माझा नुसता तिळपापड व्हायचा. तिचं काम दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंवर. त्यांना ब-२ जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही. बाहेरून मिळालं तरच त्यांची काही एन्झाइम्स चालतात. हळदीच्या पाण्यासारखं पिवळं असं त्याचं द्रावण उजेडात नासतं, म्हणून बाटलीला कायम फॉइल गुंडाळलेलं.

एका सोमवारी फॉइल निघालेली ती बाटली मला खिडकीत, भर उन्हात दिसली. मी पाहिलं आणि चहा करायला निघून गेले. पुढचे तीन आठवडे तिचे आकडे घसरत होते, आणि मी "होईल गं नीट" म्हणत होते.

पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती! दुसरी कुणी असती तर ते आकडे फेकून दिले असते. हिनं ते पुन्हा पुन्हा पाहिले. जीवनसत्त्व कमी पडल्यावर सगळी एन्झाइम्स सारखी मंदावत नव्हती. जिवाणू, बाकीच्यांना उपाशी ठेवून, जगायला लागणाऱ्या एका एन्झाइमलाच ते पुरवत होता. त्यावरच तिचा प्रबंध गाजला.

पीएचडी मिळाली त्या दिवशी इथल्या रिवाजाप्रमाणे तिनं स्वतःच केक करून आणला. मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवत म्हणाली, "आसावरी, यापुढे ही बाटली तू सांभाळ हं. तुझं बरोब्बर लक्ष असतं."

विश्वास होता की टोमणा... आठ वर्षांत विचारायचं धाडस झालं नाही.

द्रावण आम्ही वरचेवर नवं करतो, बाटली तीच आहे. चिठ्ठीवर तिच्या गोल अक्षरात माझं नाव. संध्याकाळी ऊ-बान, इथली मेट्रो, पकडायला निघण्याआधी मी फ्रीज उघडून फॉइल चाचपते. तिला सगळं ठाऊक असेल, तर तिनं मला तेव्हाच माफ केलं होतं. मला ते कधीच जमलं नसतं. याबद्दलही आज मला तिचा हेवा वाटतो.