आमचे निवडून आलेले डॉक्टर

"गप बस. तुझ्या नाडीला बोलू दे." पेशंटनं तोंड उघडायच्या आत आमचे डॉक्टर त्याचं मनगट धरायचे. अर्नाळ्याच्या त्यांच्या दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. असा डॉक्टर तुमच्याही गावात असेल. आमच्याची चूक एवढीच, की ते सगळ्यांना फार आवडायचे.

नळाला पाणी येईना, तेव्हा गाव त्यांच्या दारात गोळा झालं. "डॉक्टर, तुम्हीच उभे राहा." ते म्हणाले, "एकदाच हं!" जिल्हा परिषदेवर निवडून गेले, पाणी आणलं आणि तिथेच फसले. काम करणाऱ्याला कोण सोडतं हो?

पुढच्या खेपेलाही उभं केलंच. मग दवाखान्याच्या बाकावर खोकणारे कमी आणि गाऱ्हाणी सांगणारे जास्त. येईल त्याला डॉक्टर म्हणायचे, "करून टाकू." एकदा कोळीवाड्यातले एक आजोबा समोर बसले. डॉक्टरांच्या कानाला फोन. वर न बघताच म्हणाले, "बाबा, करून टाकू."

"काय करून टाकता, डाक्टर? पाय सुजलेत माझे!"

मी फिस्सकन हसले. डॉक्टर हसले नाहीत. आजोबा गेल्यावर म्हणाले, "ताई, माझ्यातला डॉक्टर संपत आलाय. यंदा उभा राहणार नाही." खरं सांगते, आनंदानं मला रडू आलं.

अर्ज भरायच्या दिवशी माणसं हार, ढोल घेऊन दारात हजर. डॉक्टर आतून कडी लावून त्याच आजोबांना तपासत होते. मी पदर खोचून दारात उभी. "आत पेशंट आहे. कोणी जायचं नाही!"

तेवढ्यात कडी निघाली. काढली ती आजोबांनीच.

"डाक्टर, माझा पाय काय पलून जातो? पयला अर्ज भरा. तुमी नाय तर आमच्या पान्याचं कोन बघनार?"

बाहेरच्यांना डॉक्टरांनी नाही म्हटलं असतं. स्वतःच्या पेशंटला कसं म्हणणार? गळ्यात हार पडले, लोकांनी त्यांना उघड्या गाडीत चढवलं.

आजोबा खुशीत होते. त्यांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मी त्यांना रिक्षात घालून वसईच्या दुसऱ्या डॉक्टरकडे निघाले. वाटेत मिरवणूक आडवी आली, म्हणून रिक्षा कडेला थांबली.

गाडी आमच्या शेजारून गेली. सगळ्यांना जोडत होते तसेच डॉक्टरांनी आम्हालाही हात जोडले.